मागणं, सांगणं आणि विचारणं : भेटवस्तूंच्या ऑनलाइन याद्यांविषयी



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून हे खरेदीचं काय काढलंत?' प्रश्न रास्त आहे. विशलिस्ट म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची इंटरनेटवर करून ठेवलेली यादी. दिसायला ही दुकानदारीची गोष्ट आहे. पण एका माणसाने दुसऱ्याला काही द्यायचं ठरवलं, तर काय द्यायचं हे कोणी ठरवायचं? देणाऱ्याने की घेणाऱ्याने? हा प्रश्न दुकानदारीचा नाही. तो फार जुना आहे, आणि आता तो आपल्या मोबाइलवर एका लिंकच्या रूपाने येऊन उभा राहिलाय.

तर आज आपण आधी अडचण काय आहे ते बघू, मग हे साधन ती कशी सोडवतं ते बघू, आणि शेवटी त्याच्यावरचे आक्षेप बघू. आक्षेप गंभीर आहेत, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

अडचण नेमकी कुठे आहे?

आपल्याकडच्या लग्नातला आहेर आठवून बघा. एका पिढीत एकेका घरात चार-चार लेमन सेट आले, भिंती दोन आणि घड्याळं सहा आली. स्टीलचे डबे, पातेली, तांबे, आणि त्यावर मशीनने कोरलेलं देणाऱ्याचं नाव. ब्लाऊजपीसचं तर काय सांगावं! एकाच ब्लाऊजपीसने चार-चार घरं बघितलेली असतात, आणि कधीकधी तो मूळ मालकिणीकडे परतही येतो. ही थट्टा आपण सगळेच करतो. पण या थट्टेच्या मागे एक गोष्ट आहे. देणाऱ्याने पैसे खर्च केले, वेळ घालवला, मनात आपुलकीही होती. घेणाऱ्याने हसतमुखाने ते घेतलं. आणि वस्तू माळ्यावर गेली. म्हणजे दोन्ही बाजूंना चांगुलपणा असूनही मधली वस्तू वाया गेली.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजायचा प्रयत्न केलाय. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा 1993 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं : या वस्तूची बाजारात किंमत किती असेल, आणि ही तुमच्यापुरती कितीची? दोन उत्तरांत फरक पडला. वॉल्डफोगेल यांचा अंदाज असा की भेटीच्या किमतीचा दहावा हिस्सा ते एक तृतीयांश एवढा भाग असा हवेत विरून जातो. देणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात, पण घेणाऱ्यापर्यंत तेवढं मूल्य पोचत नाही.

आता यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली म्हणजे, विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की वस्तूमागची भावना बाजूला ठेवून किंमत सांगा. आणि भावना बाजूला ठेवली की भेटीतलं काय उरतं, हे आपण विचारू शकतो. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. सर्वांत जास्त नुकसान कोणाच्या भेटीत होतं? आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या यांच्या. मित्रमैत्रिणींच्या भेटीत कमी. आणि हीच वडीलधारी मंडळी वस्तूऐवजी रोख पैसे देण्याकडे जास्त वळतात. म्हणजे अमेरिकेतल्या आत्यालाही शेवटी आपल्यासारखं पाकीटच बरं वाटतं! आपण फक्त वरती एक रुपया ठेवतो.

यात वडीलधाऱ्यांचं प्रेम कमी पडतं असं मुळीच नाही. कमी पडते ती माहिती. नातू आता काय वाचतो, कुठल्या मापाचा शर्ट घालतो, त्याच्या खोलीत जागा किती, हे रोज भेटणाऱ्या मित्राला ठाऊक असतं. तीनशे किलोमीटरवरच्या आजोबांना ते कसं कळणार? भेट देण्यात दोन कामं एकत्र बांधलेली असतात : जाणणं आणि देणं. घरं एका वाड्यात होती, तेव्हा पहिलं काम आपोआप व्हायचं. आता दुसरं काम सोपं झालंय, एका बोटाने होतं. पहिलं अवघड झालंय.

यादी आली कुठून?

लग्नाच्या भेटींची यादी दुकानात नोंदवून ठेवायची पद्धत अमेरिकेतली. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने 1924 साली ती सुरू केली असं सांगितलं जातं. नवरी मुलगी दुकानात जाऊन कपबशा, ताटं, चादरी निवडून ठेवायची, आणि पाहुण्यांनी दुकानात येऊन त्यातलं एकेक घ्यायचं. 1993 मध्ये टार्गेट या दुकानाने जोडप्यांच्या हातात स्कॅनर दिला. हवी ती वस्तू दिसली की तिच्यावर किरण टाकायचा, यादीत नोंद झाली. पुढे इंटरनेटवरची दुकानं आली आणि यादी घरबसल्या करता यायला लागली. आज ॲमेझॉनसारख्या दुकानाची यादी असते, तशी कुठल्याही एका दुकानाशी न बांधलेली साधनंही असतात. त्यात कुठल्याही संकेतस्थळावरची वस्तू टाकता येते, किंवा नुसतं लिहिताही येतं. अगदी काही नाही तर गूगल शीटवर चार रकाने आखले तरी काम भागतं.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच नव्हती का? होती, पण फार थोड्या जागी होती. गरोदर बाईला 'काय खावंसं वाटतंय' असं विचारायचं, तिने सांगायचं, आणि सगळ्यांनी ते पुरवायचं. डोहाळे. तिथे मागण्याला कोणी नावं ठेवत नाही, उलट न पुरवण्याला ठेवतात. पण ती सवलत तेवढ्या काही महिन्यांपुरतीच. मूल झालं की त्याच बाईने 'मला काही नको' म्हणायचं असतं. या वाक्याकडे मी पुढे येणार आहे.

साधनाच्या आतली युक्ती

यादी कागदावरही करता येते. मग ऑनलाइन यादीत वेगळं काय? यात एक छोटीशी युक्ती आहे, तिचा नीट विचार केला पाहिजे.

समजा, एका मुलीने बारा वस्तूंची यादी केली आणि लिंक नातेवाइकांना दिली. मावशीने त्यातला मिक्सर घेतला. आता बाकीच्या नातेवाइकांना मिक्सर 'घेतला गेला' असं दिसतं, त्यामुळे दुसरा मिक्सर येत नाही. पण बहुतेक साधनांत त्या मुलीला स्वतःला ते दिसत नाही, किंवा न दिसण्याची सोय असते. म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि जिच्यासाठी घेतलं तिलाच माहीत नाही! बारापैकी काहीतरी येणार एवढंच तिला ठाऊक. कुठलं, कोणाकडून, कधी, हे झाकलेलं राहतं. यादीने गंमत जाते असं जे म्हणतात, त्यांनी ही युक्ती बघितलेली नसते.

दुसरा फायदा त्याहून सूक्ष्म आहे. मी तुम्हाला समोर उभं राहून म्हटलं, 'मला एक पंखा द्या', तर तुम्ही अडकलात. हो म्हटलं तर खर्च, नाही म्हटलं तर वाईटपणा. यादी मात्र कोणा एकाकडे बघून बोलत नाही. तुम्ही ती उघडली, बघितली, बंद केली आणि तुमच्या मनाने पुस्तक दिलंत, तरी मला कळतही नाही. यादीकडे दुर्लक्ष करायची मोकळीक असते, आणि ती मोकळीक फार मोलाची आहे.

म्हणून मला मराठीतले दोन शब्द इथे वेगळे करायचेत : मागणं आणि सांगणं. मागण्यात समोरच्यावर भार पडतो. सांगण्यात फक्त माहिती पोचते, पुढचं समोरच्याच्या हाती राहतं. चांगली यादी म्हणजे सांगणं. वाईट यादी म्हणजे मागणं. साधन एकच असतं, ते कसं वापरलं यावर हा फरक ठरतो.

आक्षेप पहिला : मागितल्यावर दिलं ते कसलं देणं?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. उपकार कसे करावेत आणि कसे स्वीकारावेत या एकाच विषयावर त्याने सात भागांचा ग्रंथ लिहिलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला मागायला लाज वाटते. मागताना त्याचा चेहरा उतरतो. म्हणून ज्याने मागायच्या आधीच ओळखून दिलं, त्याचं देणं मोठं. ज्याने मागायला लावलं, त्याने वस्तूची किंमत आधीच वसूल केली.

हा आक्षेप मला फार खरा वाटतो. आपल्या घरांतही ही जाण आहेच. 'न सांगता आणलंस!' या तीन शब्दांत जो आनंद असतो, तो यादीतून आलेल्या खोक्यात नसतो. कारण त्यात वस्तूबरोबर एक निरोप असतो : तुझ्याकडे माझं लक्ष आहे.

पण इथे एक प्रामाणिक प्रश्न विचारू या. आपण अचानक आणलेली वस्तू खरोखर त्या माणसाकडे लक्ष देऊन आणलेली असते का? जेफ गॅलक, ज्युलियन गिव्ही आणि एलेनॉर विल्यम्स या संशोधकांनी 2016 मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांचा निष्कर्ष साधा आहे. देणारा माणूस देण्याच्या क्षणाकडे बघत असतो : कागद फाडला जाईल, डोळे विस्फारतील, सगळे 'वा!' म्हणतील. घेणारा मात्र त्यानंतरच्या दिवसांकडे बघत असतो : ही वस्तू मी वापरणार का, ठेवणार कुठे? म्हणजे पुष्कळदा आश्चर्याचा धक्का हा देणाऱ्याने स्वतःलाच दिलेली भेट असतो.

त्याच वर्षी मॉर्गन वॉर्ड आणि सुझन ब्रोनियार्चिक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. यादी समोर असताना ती बाजूला ठेवून आपल्या मनाचं कोण देतं? लांबचे परिचित नव्हे, ते मुकाट्याने यादीतलं घेतात. यादी बाजूला ठेवतात ते जवळचे मित्र! 'मी तुला ओळखतो, मला यादी कशाला?' असं दाखवायचं असतं म्हणून. आणि त्या नादात ते अशी वस्तू निवडतात, जी घेणाऱ्याला तितकीशी आवडत नाही. नातं दाखवायच्या धडपडीत नात्यातला माणूस बाजूला राहतो.

हे आपल्या आजच्या घरांत कसं घडतं बघा. मुलगी न्यू जर्सीत आहे, तिला बाळ होणार आहे. तिच्याकडून यादी येते : डायपरची खोकी, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, गाडीत बाळाला बसवायची खुर्ची. इकडे पुण्यात आजीने जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी शिवायला घेतलेली असते, सोनाराकडे वाळे टाकलेले असतात. ती यादी बघते आणि म्हणते, 'डायपर ही काय द्यायची वस्तू आहे? आणि माझ्या गोधडीचं नाव कुठेच नाही!' आजी दुखावते. तिकडे मुलगी म्हणते, 'आई, मला इथे मदतीला कोणी नाही. मला लागणाऱ्या गोष्टी मी लिहिल्या.' दोघींचं खरं आहे. मुलीच्या यादीत तिचा एकटेपणा लिहिलेला आहे, तो आईने वाचला पाहिजे. आणि आईच्या गोधडीत जे आहे, ते कुठल्याच दुकानाच्या यादीत टाकायची सोय नाही, हे मुलीला कळलं पाहिजे.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. खर्चाची, गरजेची मोठी गोष्ट यादीतली द्या. आपल्या मनातली छोटी गोष्ट यादीबाहेरची द्या. डायपरही जाऊ देत आणि गोधडीही जाऊ दे. भांडण तेव्हा होतं, जेव्हा आपल्या मनातली वस्तू मोठी करून आपण गरजेच्या वस्तूची जागा तिला देतो.

आक्षेप दुसरा : यादी म्हणजे बिल

दुसरा आक्षेप हिशेबाचा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांचा भेटीवरचा प्रसिद्ध निबंध 1925 सालचा आहे. त्यात त्यांनी जगभरच्या समाजांबरोबर आपल्या महाभारतातल्या अनुशासनपर्वाचाही विचार केलाय. मोस म्हणतात, भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात : दिलं पाहिजे, घेतलं पाहिजे आणि परत केलं पाहिजे. आपल्याला हे समजायला फ्रेंच निबंधाची गरज नाही म्हणा! मांडवाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेला माणूस आपण बघितलाय. 'अमक्यांकडून 101, तमक्यांकडून साडी.' पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही काढायची. भांड्यावर नाव कोरायचं तेही विसर पडू नये म्हणूनच.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे : परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, द्यायला हवं म्हणून दिलेलं. परतफेडीवर डोळा ठेवून दिलं तर ते राजस. या कसोटीवर आपला आहेर बराचसा राजसच ठरतो. तेव्हा यादीमुळे हिशेब आला असं म्हणता येणार नाही. हिशेब आधीपासून होता. यादीने केलं काय, तर वहीचं तोंड उलटं फिरवलं. पूर्वी काय आलं हे घेणारा लिहायचा, आता काय यावं हे तो लिहितो. आणि समोर किंमत छापलेली असते. पूर्वी 'साडी' एवढंच लिहिलं जायचं, ती कितीची हे झाकलेलं राहायचं. आता झाकलेलं राहत नाही, हा खरा धोका आहे. ज्या नातेवाइकाची परिस्थिती बेताची आहे, त्याने दहा हजारांच्या वस्तूंनी भरलेली यादी उघडली, तर ती त्याला पत्रिकेसारखी वाटणार नाही, बिलासारखी वाटेल. तो कार्याला येणंच टाळेल. एका यादीपायी एक माणूस तुटला, तर ती यादी फार महागात पडली.

इथे एक दिलासा आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी 2009 मध्ये दाखवलं की महागाची वस्तू दिली की जास्त आवडेल, असं देणाऱ्यांना वाटतं. घेणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर किंमत आणि आवड यांचा असा संबंध दिसत नाही. म्हणून यादीत स्वस्त वस्तू घालायला लाजू नका. त्या भरपूर घाला.

यादी करताना

आता थोडं व्यवहाराचं. ही यादी सुसंस्कृतपणे कशी करायची?

पहिलं, किमतीची शिडी ठेवा. शंभर-दीडशे रुपयांपासून सुरुवात करा आणि निम्म्याहून जास्त वस्तू परवडण्याजोग्या असू द्या. मोठी वस्तू एखादीच ठेवा, आणि तिच्यापुढे 'चार-पाच जणांनी मिळून चालेल' असं लिहा. काही साधनांत असे पैसे एकत्र करायची सोय असते, नसेल तर घरातल्या एकाने ते काम घ्यावं.

दुसरं, वस्तूपुढे एक ओळ लिहा. बहुतेक याद्यांत टिपणाची जागा असते, आणि ती बहुतेक जण मोकळी सोडतात. माप, रंग तर लिहाच. पण 'हे का हवं' तेही लिहा. 'वाचताना डोळ्यांवर ताण येतो म्हणून टेबलावरचा दिवा.' एवढ्या ओळीने देणाऱ्याला कळतं की आपण दिवा देत नाही आहोत, वाचन देतोय.

तिसरं, विकत न मिळणाऱ्या गोष्टी घाला. 'काकूच्या हातची लोणच्याची बरणी.' 'दादाने एक रविवार येऊन पुस्तकांचं कपाट लावून द्यावं.' दुकानाच्या यादीत हे लिहिता येत नसेल, तर दुकानाशी न बांधलेलं साधन वापरा. लक्षात ठेवा, दुकानाने दिलेली यादी ही आधी दुकानाची सोय असते, मग तुमची.

चौथं, 'नको' असलेलंही सांगा. 'घड्याळ आहे, फोटोफ्रेम पुष्कळ आहेत.' दहा वस्तूंच्या यादीपेक्षा या एका ओळीने जास्त काम होतं.

पाचवं, यादी कोणाला दिसते ते तपासा. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी तीन पर्याय असतात : फक्त स्वतःला दिसणारी, लिंक दिलेल्यांना दिसणारी आणि सर्वांना खुली. आपल्याला मधला पर्याय पुरतो. यादीला घरचा पत्ता जोडला असेल, तर ती सर्वांना खुली कधीच ठेवू नका. कार्य झालं की यादी बंद करा.

आणि देणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. यादीतली वस्तू घेतली तर ती त्या यादीतूनच घ्या, म्हणजे तिथे खूण होईल. बाजारातून आणली तर जिथे सोय असेल तिथे स्वतः खूण करा. नाहीतर पुन्हा दोन मिक्सर! आणि मागवताना 'भेट म्हणून पाठवा' हा पर्याय निवडून निरोप लिहा. तो राहिला तर कोणी पाठवलं हेच न कळणारं खोकं दाराशी येतं. मराठीत भेट या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : दिलेली वस्तू आणि माणसाचं भेटणं. खोकं पोचलं म्हणजे एकच भेट पोचली. दुसरीसाठी फोन करावा लागतो.

'मला काही नको'

आता मघाशी बाजूला ठेवलेलं वाक्य. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, आणि बहुधा ती आई असते किंवा आजी. तिला विचारलं की ती म्हणते, 'मला काही नको.' तिला यादी करायला सांगून बघा. ती करणार नाही.

या वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, खरोखरच काही नको असेल. असू शकतं, त्याचा मान राखावा. दोन, 'तुमचा खर्च नको' असा त्याचा अर्थ असेल. आणि तीन, आजवर कोणी मनापासून विचारलंच नाही, त्यामुळे आपल्याला काही हवं असू शकतं हेच ती विसरली असेल. हा तिसरा अर्थ मला अस्वस्थ करतो. साठ वर्षं ज्या बाईने सगळ्यांना काय हवं ते लक्षात ठेवलं, तिला काय हवं याची नोंद घरात कुठेच नाही. यादीचं साधन कितीही चांगलं असलं तरी इथे ते थकतं. कारण ते सांगणाऱ्याची सोय करतं, न सांगणाऱ्याची करत नाही.

मग करायचं काय? यादी उलटी वापरायची. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी करतो, तशी दुसऱ्याची यादी आपण ठेवायची. मोबाइलमध्ये, फक्त स्वतःला दिसणारी. आई बोलता बोलता म्हणते, 'या कुकरचं झाकण हल्ली नीट बसत नाही.' नोंद करा. वडील पेपर खिडकीपाशी नेऊन वाचतात. नोंद करा. बहीण म्हणते, 'एकदा पन्हाळा बघायचा राहिलाय.' नोंद करा. हे कोणी मागत नाही, सांगतही नाही. बोलण्यातून ते नुसतं गळून पडत असतं. आपण ते उचलायचं. वाढदिवस, पाडवा, भाऊबीज आली की ही यादी उघडायची.

आणि बघा, सेनेकाचा आक्षेप इथे सुटतो. न मागता, ओळखून दिलं जातं. फरक एवढाच की हे ओळखणं अंदाजाने झालेलं नाही, वर्षभर ऐकून झालंय. जे यंत्र आपण आपल्या इच्छा साठवायला वापरतो, तेच दुसऱ्याचं बोलणं साठवायला वापरलं. ज्यांना बोलता येतं, त्यांनी आपली यादी करून सांगावं, त्यात लाज नाही. जे बोलत नाहीत, त्यांची यादी दुसऱ्या कोणीतरी ठेवावी. एका घरात या दोन्ही याद्या असतील, तर त्या घरात माळा फार लवकर भरणार नाही.

थोडा वेळ आहे, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, लग्नाच्या पत्रिकेतच यादीचा क्यूआर कोड छापला तर सोपं होईल ना?

सोपं होईल, पण छापू नये असं माझं मत आहे. पत्रिकेत आपण माणसाला बोलावतो. त्याच कागदावर यादी आली की मागणं झालं. कोणी आपणहून विचारलं, 'काय आणू?', की मग लिंक द्यावी, म्हणजे ते सांगणं राहतं. आणि 'आहेर आणू नये' असं छापलं असेल, तर यादी करूच नये. दोन तोंडांनी बोलू नये.

प्रश्न : नातवाची यादी संपतच नाही. चाळीस वस्तू झाल्यात. काय करावं?

वाढू द्यावी! पण त्याला एक नियम सांगा : वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात त्याने स्वतः त्यातल्या पाच ठेवायच्या, बाकीच्या खोडायच्या. तुम्ही खोडू नका. महिन्याभरापूर्वी जे हवंच होतं, ते आज नकोसं झालंय, हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसेल. इच्छा आणि गरज यांतला फरक मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवला, पण तो खोडताना जितका कळतो तितका ऐकताना कळत नाही. आणि हो, त्याच यादीत त्याला एक रकाना वाढवायला सांगा : 'आजीसाठी.' बघा त्यात काय लिहितो ते.

इथे थांबतो.